दोन घाट, एक सायकल

बेळगावच्या माणसाला घाटाचे अप्रूप नसते. लग्नकार्य, देवदर्शन, आजारपण अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तो वर्षातून दोन-चार वेळा तरी गोव्याला किंवा सावंतवाडीला उतरतोच. बसच्या खिडकीपाशी डुलकी लागते, एखाद्या वळणावर कोणाचे तरी पोट ढवळते, आणि डोळे उघडतात तेव्हा नारळी-पोफळी दिसू लागलेल्या असतात. मीही अनेक वर्षे असाच घाट उतरत आलो. दोन गावांच्या मधला गैरसोयीचा भाग, एवढीच माझ्या लेखी घाटाची ओळख होती. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुटीत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ही समजूत सायकलने दुरुस्त केली.

निमित्त झाले एका जुन्या विद्यार्थ्याचे. २००६-०७ पासून काही वर्षे कर्नाटक सरकार आठवीच्या मुलामुलींना सायकली देत असे. त्यांतली एक या मुलाच्या वाट्याला आली आणि खानापूर तालुक्यातल्या रानातल्या वाडीवरून तो रोज ती तुडवीत शाळेत येऊ लागला. आता तो तिशीचा झाला आहे, नोकरी करतो, पण सायकल त्याने सोडलेली नाही. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "सर, भूगोलाचे शिक्षक नव्हते त्या वर्षी घाटमाथा तुम्हीच शिकवलात. आता एकदा तो पायांनी शिकून बघू या." विद्यार्थ्याने असे आव्हान दिल्यावर मुख्याध्यापकाला माघार घेता येत नाही.

बेत सोपा होता. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी, तेथून चोर्ला घाट उतरून गोव्यातील साखळी, पुढे डिचोली, दोडामार्ग, बांदा करीत सावंतवाडी. आणि आंबोली घाट चढून पुन्हा बेळगाव. एका घाटाने उतरायचे आणि दुसऱ्याने चढायचे. सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरची ही प्रदक्षिणा आम्ही पाच दिवसांत घातली. तरुण मंडळी ती तीन दिवसांत घालतील. पण घाईच करायची तर बस काय वाईट, असे माझे मत आहे.

माझी बावीस इंची जुनी सायकल विद्यार्थ्याने बाजूला ठेवायला लावली आणि गिअरची सायकल आणून दिली. हा त्याचा हट्ट योग्य होता. साध्या सायकलीला पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे ठीक. घाटात मात्र गुडघे बोलू लागतात. गिअर बदलून पुढे २८ आणि मागेही २८ दाते आणले, की पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. वेग कमी होतो, पण जोरही कमी लागतो. विहिरीवर रहाटाने पाणी ओढणाऱ्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

पिरनवाडीपाशी खानापूरचा हमरस्ता सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो, की शहर झपाट्याने मागे पडते. किणयेच्या आसपास भात पिवळे पडू लागले होते. कुसमळीच्या पुलावर थांबून खाली वाहणारी मलप्रभा पाहिली. पावसाळा नुकताच सरल्यामुळे पात्र भरलेले होते. जांबोटीनंतर शेते आक्रसत जातात आणि झाडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जवळ येतात. जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा. मधूनच कारवीची दाटी. बसमधून हे सारे एकच हिरवे भिंताड वाटते. सायकलवरून प्रत्येक झाडाची सावली अंगावरून वेगळी सरकते, आणि एखाद्या ओढ्याजवळ येताच हवेतला गारवा आधी कानांना कळतो.

त्या दिवशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर चालवून आम्ही कणकुंबीला मुक्काम केला. समुद्रसपाटीपासून हे गाव जवळजवळ आठशे मीटर उंचीवर आहे. सकाळी पुलावरून पाहिलेल्या मलप्रभेचा उगम येथेच होतो. येथून निघालेले पाणी सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणात साठते, हुबळी-धारवाडची तहान भागवते आणि सुमारे तीनशे किलोमीटर वाहून, बसवेश्वर जेथे ऐक्य पावले त्या कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते. तेथून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. मात्र याच गावाच्या शिवारातला कळसा नाला पश्चिमेला वळतो. त्याचे पाणी म्हादईत जाते आणि म्हादई मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. फळ्यावर 'जलविभाजक' हा शब्द मी अनेकदा लिहिला असेन. पण दोन समुद्रांच्या वाटा एका गावातून फुटतात हे तेथे सायकल हातात धरून उभे राहिल्यावर प्रथम समजले.

या दोन वाटांवरूनच कर्नाटक आणि गोवा यांचा वाद आहे. २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी त्यात दिले गेले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ टीएमसी पाणी कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. निवाड्याने कोणाचेच समाधान झाले नाही आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. कोणाची बाजू न्याय्य, हे सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या शाळामास्तराला नाही. पण ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या आजींचे बोलणे मनातून जात नाही. ताटात भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "गुरुजी, पाऊस सगळा आमच्या डोक्यावर पडतंय, आनि एप्रिलात आमच्याच हिरीला पानी नसतंय. वरनं ते दोघं भांडत्यात." एवढे बोलून त्यांनी आमटी वाढली. आम्ही दोघेही खाली पाहून जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. चोर्ल्याच्या रस्त्याला वाहनांची वर्दळ बरीच असते, त्यामुळे सकाळची वेळच सायकलस्वाराची. धुके इतके दाट होते, की पुढच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. एका वळणावर विद्यार्थ्याने हात वर करून थांबण्याची खूण केली. रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. आम्ही घंटी वाजवली नाही, हललोही नाही. तीन-चार मिनिटे त्याने आम्हांला न्याहाळले आणि मग तो खालच्या झाडीत उतरला. या जंगलाचा गोव्याकडील भाग १९९९ साली म्हादई अभयारण्य म्हणून राखला गेला. त्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. आमच्या बाजूला २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले. वाघांना मात्र राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. ते या दोन्ही रानांतून हिंडतात. २०२० च्या जानेवारीत सत्तरी तालुक्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले आढळले, ती बातमी अनेकांना आठवत असेल.

उतारावर माझी फजिती झाली. ब्रेक सतत दाबून धरल्याने जळक्या रबराचा वास येऊ लागला आणि ब्रेक लागेनासा झाला. विद्यार्थी मागून ओरडला, "सर, मागचा-पुढचा आलटून पालटून दाबा, आणि थांबा!" कशीबशी सायकल कठड्याला टेकवली. रिमला हात लावला तो चटका बसला. नंतर कागदावर हिशेब मांडून पाहिला. सायकलीसह ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणताना सारा वेग ब्रेकनेच आवरला, तर जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे दीड लिटर पाणी उकळेल. म्हणून उतारावर मध्ये मध्ये थांबून रिम निवू द्यावी आणि निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे नवी घालून घ्यावीत. घाटात चढण माणसाला दमवते, पण जिवावरचे प्रसंग उतारावर येतात.

घाटातून खाली अंजुणे धरणाचे पाणी चमकताना दिसते आणि केरी येते. उकाडा एकदम जाणवू लागतो. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचे दर्शन घेतले. दुपारी गडगडाट होऊन पावसाची मोठी सर आली. देवळाच्या सभामंडपात तासभर बसावे लागले. तेथील पुजाऱ्यांशी मराठीत बोललो, चहाच्या दुकानात कोंकणी ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी दोडामार्ग ओलांडल्यावर मालवणी कानावर पडू लागली. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये आम्ही सायकलने ओलांडली, पण भाषा कोठे बदलली ते नेमके सांगता येणार नाही. ती भाताच्या रंगासारखी हळूहळू बदलत जाते.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी एक संध्याकाळ विसावा घेतला आणि चौथ्या दिवशी दाणोलीहून आंबोली घाट चढायला लागलो. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर. चढ सलग आहे. पहिली दोन वळणे मी ऐटीत चढलो, तिसऱ्याला उतरलो आणि पुढे बराच वेळ सायकल ढकलीत चाललो. एका मोटारीतून जाणाऱ्या मुलांनी हात हलवून "आजोबा, शाब्बास!" म्हटले. 'आजोबा' जरा लागले, पण 'शाब्बास' घेतले. सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. उलट चालताना कड्यावरून झिरपणारे पाणी, त्यावरचे शेवाळ, दगडाच्या खोबणीत बसलेले बेडूक हे सारे दिसते.

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेतून येणारे पाणी देवळापुढच्या कुंडात साठते. याच कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाची नवी जात म्हणून २०२० साली शास्त्रात नोंद झाली. नदीचेच नाव त्याला मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे स्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. इतक्या वर्षांच्या भाविकांच्या येरझाऱ्यांतही तो मासा तेथे टिकून राहिला, याचे श्रेय देवस्थानाच्या पावित्र्याला द्यायला माझी हरकत नाही.

ज्यांना ही प्रदक्षिणा करावीशी वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भर पावसात दरडी आणि धुके यांमुळे घाटात सायकल नेऊ नये. जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, हातपंप आणि मागचा लाल दिवा जवळ असावा. घाटात दुकान मिळत नाही. अंधार पडण्यापूर्वी रान ओलांडावे. नवशिक्यांनी प्रथम बेळगाव-जांबोटी एवढेच करून परत यावे. पाय तयार झाल्यावर खानापूर, हेम्मडगा, अनमोड ही दाट रानातली वाट आहे, आणि पाटणे फाट्यावरून तिलारी घाटाकडे जाणारीही आहे. मात्र तिलारीचा उतार फार तीव्र आहे, तेथे माझ्यासारख्याने धाडस करू नये.

पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर चंदगड तालुक्यात घटप्रभा ओलांडली. हीही याच घाटमाथ्याची लेक. नागनवाडी, पाटणे फाटा, शिनोळी करीत दिवेलागणीला हिंडलग्याला पोहोचलो. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तांब्याभर पाणी पुढे केले. तोंडाला लावताना एकदम लक्षात आले, की हिडकल धरणातून आमच्या नळाला येणारे हे पाणी म्हणजे सकाळी ओलांडलेली ती घटप्रभाच. इतकी वर्षे मी घाटाचे पाणी पीत होतो आणि घाटात डुलक्या काढीत होतो.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा नदीचा धडा मी स्वतःकडे मागून घेतला. फळ्यावर 'जलविभाजक' असा शब्द लिहिला आणि मुलांना कणकुंबीच्या आजींची गोष्ट सांगितली. एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, मग त्या आजींच्या विहिरीचं काय?" तास संपल्याची घंटा झाली, पण मी वर्गातच थांबलो. तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते, तसे मी तिला सांगितले. या उन्हाळ्यात आठ-दहा मुलांना सायकलीवरून कणकुंबीला नेण्याचे मात्र आम्ही ठरवले आहे. आजींची विहीर त्यांनी स्वतः पाहावी.