वजन घटवताना पोटाला चिमटा नको

गेल्या वर्षी आमच्या घरात एक ठराव झाला. रमजान येण्याआधी आम्ही दोघी नणंद-भावजयींनी वजन कमी करायचे. भाभींचे वजन ६८ किलो, आमचे त्याहून दोन किलो जास्त. गुडघे कुरकुरू लागले होते, शाळेचा जिना चढताना धाप लागत होती. फजरची नमाज झाली की तेरणा कारखान्याच्या रस्त्याने चालणे सुरू झाले. ढोकीत सकाळी चालायला निघालेल्या बायका ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

चालण्याबरोबर खाणेही घटवले. साखर बंद, तेल जवळजवळ बंद, भात बंद, नाश्ता बंद. पंधरा दिवसांत काटा तीन किलो खाली आला. शेजारच्या खाला विचारू लागल्या, "काय खाता गं पोरींनो?" आम्ही खूष होतो. पाचव्या आठवड्यात भाभी भाकरी थापता थापता चक्कर येऊन पडल्या. दैव बलवत्तर म्हणून तव्यावर हात गेला नाही. दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टरांनी दिवसभराचे खाणे विचारले. ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, दोन वर्षांच्या लेकरालाही यापेक्षा जास्त लागते."

आम्हाला वाटले, डॉक्टर रागाने बोलले. घरी येऊन वही काढली आणि हिशेब मांडला. डॉक्टर खरेच बोलले होते.

वहीतला हिशेब

भाभींचा एक दिवस असा होता. सकाळी लिंबू-पाणी, १० कॅलरी. बिनसाखरेचा, थोड्या दुधाचा चहा, ३०. दुपारी ज्वारीची एक भाकरी, २१०. चमचाभर तेलातली पालेभाजी, ८०. काकडी, १५. चार वाजता पुन्हा चहा, ३०. रात्री वाटीभर पातळ वरण, १००. अर्धी भाकरी, १०५. कोशिंबीर, ४०. बेरीज ६२०.

आता गरज किती ते पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण सांगितले, त्यात ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. मध्यम कष्ट करणारीला २१३०. एक ते तीन वर्षांच्या मुलाला १०१०. भाभी पहाटे उठून दोन माणसांचे काम करत होत्या आणि खात होत्या तीन वर्षांच्या मुलापेक्षाही कमी.

प्रथिनांचा हिशेब याहून वाईट निघाला. बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. भाभींच्या ताटात ती वीसच्या आसपास होती. शरीराला बाहेरून मिळाले नाही की ते आतले मोडून खाते, आणि त्यात नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. पहिल्या पंधरा दिवसांत जे तीन किलो उतरले, त्यात बराचसा भाग पाण्याचा होता, हेही आम्हाला नंतर कळले. काटा खाली आला म्हणजे चरबी उतरली, असे नसते.

खायला सांगितले तरी खाल्ले जाईना

डॉक्टरांनी चौदाशे-पंधराशे कॅलरीपर्यंत यायला सांगितले. वजन उतरतच राहील, पण हळू, महिन्याला दोन-अडीच किलो. ऐकायला सोपे वाटले. प्रत्यक्षात भाभींना खाल्लेच जाईना. एका भाकरीत पोट गच्च व्हायचे. आम्ही आग्रह केला की डोळ्यांत पाणी यायचे.

याची कारणे हळूहळू लक्षात आली. पहिले, पाच आठवडे कमी खाण्याची सवय लागली की काहींची भूक लागल्याची खूण मंदावू शकते. दुसरे, ताटात सगळे फुगीर आणि हलके होते. काकडी, पालेभाजी, पातळ वरण. पोट भरते, पण ताकद मिळत नाही. तेल, शेंगदाणे, तीळ, दही या कमी जागेत जास्त ताकद देणाऱ्या गोष्टी आम्ही वैरी ठरवल्या होत्या. तिसरे, दिवसभराचा चहा. चहाने भूक मरते, शिवाय जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आणि चौथे कारण मनातले, भीती. एक घास जास्त खाल्ला तर सगळी मेहनत वाया जाईल, ही भीती.

अर्धपोटी राहणे काय करते, याचा एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावले. वजन पावपट घटले. पण त्याबरोबर ते चिडचिडे झाले, उदास झाले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. दिवसरात्र डोक्यात खाण्याचाच विचार. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसायचे. आणि जेवण पुन्हा सुरू झाल्यावर कित्येकांचे पोट भरूनही मन भरेना. उपाशी राहून उतरवलेले वजन परत का येते, याचे एक उत्तर यात आहे.

दोन वेळा की दहा वेळा?

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात मोठी चर्चा आपल्या शेजारच्या लातुरातूनच उठली. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दोन वेळा जेवणाची पद्धत लोकांपुढे मांडली. कडक भूक कधी लागते ते ओळखायचे, त्या दोन वेळी जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच. २०१८ च्या सुमारास घराघरांत मोबाईलवर त्यांची व्याख्याने ऐकली जात होती. पुढे राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमले. त्याच वेळी मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर मात्र थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा, घरचे खा, तुपाला घाबरू नका, असे सांगत होत्या. स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते, दीक्षितवाले आणि दिवेकरवाले.

कोण बरोबर, हा निवाडा करणारे आम्ही कोण? पण एक गोष्ट दोन्ही तटांच्या लोकांनी ऐकली नाही. डॉ. दीक्षित दोन वेळा जेवा म्हणतात, दोन वेळा पोटभर जेवा म्हणतात. आमच्या गावात त्यातले 'दोन वेळा' तेवढे उचलले गेले, 'पोटभर' मागे राहिले. दोनदा जेवायचे आणि दोन्ही वेळा अर्धपोटी, ही कोणत्याच डॉक्टरांची पद्धत नाही. ती आपणच तयार केलेली आहे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढत्या वयाची मुले यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा मोडूच नयेत.

आता शहरांतून वजन घटवण्याच्या इंजेक्शनांची चर्चा गावापर्यंत आली आहे. त्यांनी भूक फार कमी होते. म्हणून घेणाऱ्याला मुद्दाम, ठरवून खावे लागते. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून त्या वाटेला जाऊ नये.

घर जेवल्यावर उरते ते

खरे दुखणे कॅलरीच्या आकड्यात नाही, आमच्या घराच्या रीतीत आहे. आधी मर्द जेवणार, मग मुले, मग सासूबाई, आणि शेवटी सून. दालचा उरला तर त्यातली बोटी कुणाच्या तरी ताटात आधीच गेलेली असते, वाटीत रस्सा आणि दुधी उरतो. अंडी चार उकडली तर चारही मुलांची. आमच्या उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर आहे, पण घरातल्या बाईच्या ताटात मटणाचे किती तुकडे येतात, ते मोजून पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात जाड दिसणाऱ्या बायकाही असतात. अंगावर मांस आहे म्हणजे अंगात रक्त आहे, असे नव्हे.

अशा बाईने वजन घटवायला घेतले की ती सगळ्यात आधी काय सोडते? जे थोडेफार तिच्या वाट्याला येत होते, तेच. भाभींनी अंडे सोडले होते, दूध सोडले होते, शेंगदाणे सोडले होते. मुलांच्या ताटातला उरलेला भात मात्र वाया जाऊ नये म्हणून अधूनमधून तोंडात टाकत होत्या आणि त्याचाच पस्तावा करत होत्या.

वर्गातल्या मुलीही हेच पाहून शिकतात. नववी-दहावीच्या मुली डबा न खाता परत नेतात. विचारले तर म्हणतात, "मॅडम, लग्नात जाड दिसते." त्यांच्यासमोर आपण काय बोलतो, याचा विचार आपणच करायला हवा.

रोजे आणि वजन

रमजान आला तेव्हा डॉक्टरांना विचारून भाभींनी तब्येत सावरल्यावर रोजे धरले, राहिलेले नंतर कजा केले. त्या महिन्यात आणखी एक चूक आम्हाला आजूबाजूला दिसली. वजन उतरावे म्हणून काही जणी सहरी टाळत होत्या. सहरीत बरकत आहे, ती खा, अशी आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे. सहरी टाळायची आणि इफ्तारला भजी-सरबतावर तुटून पडायचे, यात ना इबादतीचा सलीका, ना तब्येतीचा.

पोटाचा एक तृतीयांश अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस आपण सगळे सांगतो. ती जास्त खाणाऱ्याला आवरते. पण बुखारी शरीफमध्ये हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंगही आहे. अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यात स्वतःला विसरले होते. सलमान पाहुणे आले, त्यांनी त्यांना जेवायला बसवले आणि सांगितले, रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. पैगंबरांनी (स.) सलमान खरे बोलले, असे म्हटले. इबादतीपायीही शरीराचा हक्क मारायचा नाही, तर कंबरेच्या मापापायी कसा मारायचा?

भाभींचे नवे ताट

आम्ही भाभींचे जुने ताट मोडले नाही, त्यातच भर घातली. एक भाकरी वाढवली, २१०. दोन उकडलेली अंडी, १५०. मूठभर भाजलेले शेंगदाणे, १७०. वाटीभर दही, ९५. वरण पातळऐवजी घट्ट, ८०. भाजीत आणखी चमचाभर तेल, ४५. एक केळ, ९०. झाले ८४०, जुने धरून १४६०. प्रथिने पन्नाशीपार गेली. सगळे घरातले, ढोकीच्या बाजारातले.

एकदम जमले नाही. पहिला आठवडा फक्त अंडी आणि दही. मग शेंगदाण्याची चटणी भाकरीवर, कारण चटणी खाल्ल्याचे पोटाला ओझे वाटत नाही. केळ शाळेच्या मधल्या सुट्टीत आमच्याबरोबर. चहा जेवणापासून तासभर लांब. भाजीवर लिंबू, म्हणजे लोह अंगी लागते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशा. आणि सगळ्यात मोठा बदल अब्बांनी केला. एका रात्री ते ताटावर बसले आणि म्हणाले, "बहूला बोलवा, सगळे बरोबर जेवू." त्या दिवसापासून दस्तरखान एकच पडते.

आता वर्ष होत आले. भाभींचे वजन ६१ किलो आहे, हिमोग्लोबिन ११.६. वजन मध्ये दोन महिने हललेच नाही, तेव्हा त्या घाबरल्या, पण ताट कमी केले नाही. आम्ही अजून ६५ वर आहोत आणि जिना चढताना धाप लागत नाही.

बहिणींनो, ज्या वजन घटवत असतील त्यांनी एक दिवस वही घेऊन आपले खाणे लिहावे. बेरीज बाराशेच्या खाली येत असेल, केस गळत असतील, पाळी चुकत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर कौतुक ऐकत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि भावांनो, आज रात्री घरातल्या बाईच्या ताटात काय आहे, तेवढे एकदा पाहावे.