साडेचौदा हजार फूट, एका दिवसात

कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावात उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतरही जाग असते. एक-दोनच्या सुमारास मोटेलच्या खोल्यांत दिवे लागतात, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात आणि गाड्या वीसेक किलोमीटरवरच्या व्हिटनी पोर्टलकडे निघतात. तिथून पुढे पायवाट. माउंट व्हिटनीचा माथा ४,४२१ मीटरवर, म्हणजे साडेचौदा हजार फुटांवर आहे. अलास्का वगळला तर अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. जाऊन-येऊन ३५ किलोमीटर चाल, जवळपास १,९०० मीटर चढ आणि बहुतेकांना लागणारा वेळ बारा ते सोळा तास. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर दोर लागत नाही, प्रस्तरारोहणाचे कसबही लागत नाही. वाट मळलेली आहे. तरीही अर्ध्यातून परतणाऱ्यांत धडधाकट, रोज पळणारी माणसे असतात.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा चढ समजून घ्यायचा तर बारी गावातून एकाच दिवशी कळसूबाई दोनदा चढल्याची कल्पना करावी. पण अडचण तेवढीच नाही. व्हिटनीला ज्या वाहनतळावर गाडी लावायची, तो २,५५० मीटरवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च टोक असलेल्या कळसूबाईच्या माथ्याहून (१,६४६ मीटर) ही जागा नऊशे मीटर उंच! म्हणजे आपल्याकडचा डोंगर जिथे संपतो, त्याच्या बऱ्याच वर या वाटेची पहिली पायरी आहे.

आधी पायांचा हिशेब पाहू. सामानासह ७५ किलो वजन १,९०० मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राच्या नियमाने सुमारे ३३० किलोकॅलरी पुरतात. पण स्नायू हे यंत्र तितके काटकसरी नाही. वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, उरलेली उष्णता होऊन निघून जाते. म्हणून नुसते वजन उचलण्याचेच १,३०० किलोकॅलरींच्या घरात जातात. पुढच्या-मागच्या चालीचा, थंडीचा आणि शरीराच्या रोजच्या गरजेचा खर्च वेगळा. स्नायू आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन साधारण दोन हजार किलोकॅलरींचे असते, त्यामुळे वाटेत खात राहणे भागच आहे. नेमकी उंचीवर भूक मरते, हा त्यातला पेच.

हे सगळे तयारीने जमते. हवेचे तसे नाही.

हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण शिखरावरही २१ टक्केच असते. घटतो तो दाब. व्हिटनीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणूही त्याच प्रमाणात कमी येतात. समुद्रकाठी शहाण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के दिसणारी रक्तातली ऑक्सिजनची पातळी इथे नवख्या माणसात ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत उतरते. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ती क्षमता दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्क्याने घटते. माथ्याशी पोहोचेपर्यंत इंजिनाची पाव ते एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि चढ मात्र तसाच असतो. वाटेतल्या ट्रेल कॅम्प या मुक्कामाच्या जागेच्या वर शंभरेक वळणांची नागमोडी वाट ४,१५० मीटरवरच्या खिंडीत नेते. दहा पावले आणि थांबा, दहा पावले आणि थांबा, अशी चाल सुरू होते ती तिथेच.

शरीर या बदलाला उत्तर देते, पण त्याची उत्तरे वेगवेगळ्या वेगाने येतात. मानेतल्या रोहिणीजवळ कॅरोटिड बॉडी नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा अवयव असतो. तो रक्तातला ऑक्सिजन घटल्याचे काही क्षणांत ओळखतो आणि श्वास वाढवायला लावतो. मात्र जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडाचे. ते जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकते. त्याला दोन-तीन दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप अस्थिमज्जेला काही तासांत जातो, पण रक्तात त्याचा परिणाम दिसायला आठवडे जातात. एका दिवसात शिखर गाठून परतणाऱ्याच्या वाट्याला यातले पहिलेच उत्तर येते. ही दौड सोपी की अवघड, याचा निकाल पायांच्या ताकदीपेक्षा या वेळापत्रकावर ठरतो. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हा समज त्यामुळेच घातक आहे. तंदुरुस्त माणूस उलट वेगाने वर जातो आणि शरीराला आणखी कमी वेळ देतो.

व्हिटनीच्या माथ्यावर पोहोचलेल्यांची पाहणी करून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश लोकांत विरळ हवेच्या आजाराची लक्षणे आढळली: डोकेदुखी, मळमळ, गळून जाणे. हा आजार बहुधा वर गेल्यावर सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. रात्री दोनला निघालेल्या माणसाला माथ्याच्या आसपासच तो गाठतो, तो यामुळेच. एका दिवसाच्या चढाईचा एक मोठा फायदाही इथेच आहे. या आजारावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे, आणि या माणसाला त्याच दिवशी उतरायचेच असते. पण तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले किंवा बसूनही धाप थांबेना, तर मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साचत असल्याची ती खूण असू शकते. तेव्हा माथा शंभर मीटरवर असला तरी परत फिरायचे असते.

विरळ हवेचा त्रास सोसून या डोंगरावर मुद्दाम आलेली माणसेही होती. १८८१ साली खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली खेचरांवर उपकरणे लादून इथे आले. सूर्याची किती ऊर्जा वातावरणाच्या वरच्या टोकावर पडते, हे त्यांना मोजायचे होते. पायथ्याच्या लोन पाइनला आणि वर डोंगरातल्या तळावर त्यांनी आपल्या बोलोमीटर या किरणांची उष्णता मोजणाऱ्या उपकरणाने मोजमापे घेतली. त्यांनी काढलेला सौर स्थिरांक पुढे बराच जास्त ठरला, तरी एकाच वेळी दोन उंचींवर मोजून मधल्या हवेचा वाटा वेगळा काढण्याची त्यांची रीत पक्की होती. १९०९ मध्ये विल्यम कॅम्बेल मंगळाच्या वातावरणात पाण्याची वाफ शोधायला थेट माथ्यावर आले. मंगळावर कालवे आहेत, या पर्सिव्हल लोवेल यांच्या दाव्याने तेव्हा लोक भारावले होते. पृथ्वीची बरीचशी वाफ पायाखाली ठेवून कॅम्बेल यांनी मंगळाचा आणि हवा नसलेल्या चंद्राचा वर्णपट ताडून पाहिला. दोन्हींत फरक दिसला नाही. हवेचा जो अभाव गिर्यारोहकाला छळतो, तोच खगोलशास्त्रज्ञाला हवा होता, हे या शिखराचे मोठेपण.

माथ्यावरची दगडी खोली अशाच शास्त्रज्ञांसाठी स्मिथसोनियन संस्थेने १९०९ मध्ये बांधली. त्याआधी १९०४ साली, वाट पुरी झाल्यानंतर काही दिवसांतच, माथ्यावर वीज पडून एकाचा जीव गेला होता. आज वादळात ही खोली आसरा वाटते, पण तिचे छप्पर पत्र्याचे आहे. १९९० मध्ये आत थांबलेल्या एका माणसाचा विजेने बळी घेतला. सिएरा नेवाडात उन्हाळी दुपारी ढग झपाट्याने उभे राहतात. मध्यरात्री निघण्याचे मुख्य कारण हेच, आणि परतीची वेळ आधी ठरवून ती पाळण्याचेही.

मग उतार. अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर केलेल्या मोजणीत (२००२) चालायला सर्वांत स्वस्त उतार दहा टक्क्यांच्या आसपास आढळला. सपाटीवर लागते त्याच्या निम्मीच ऊर्जा तिथे लागते. व्हिटनीच्या वाटेचा सरासरी उतार जवळपास तेवढाच आहे. म्हणजे परतताना धाप लागत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत नाही. वजन तोलून धरता धरता ताणला जातो. या ताणात त्याचे सूक्ष्म तंतू जागोजागी विस्कटतात. ताकद घटते, पाय लटपटतात, गुडघे बोलू लागतात. आल्प्समधल्या नोंदींतही पडण्याचे अपघात चढताना कमी आणि उतरताना जास्त आहेत. स्नायूंचे दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते.

या दुखण्याविरुद्ध स्नायू लवकर शिकतो. एकदा असा ताण सोसलेल्या स्नायूला पुढचे काही आठवडे तशाच कामाने फार कमी इजा होते. त्यामुळे उतरणीची तयारी राजगड, रतनगड, कळसूबाईवर उत्तम होते. फक्त खाली येताना रेंगाळून फोटो काढत न बसता ओझ्यासह सलग उतरायला हवे. उंचीची सवय मात्र सह्याद्रीत लागत नाही. तिच्यासाठी जाणकार लोक चढाईआधीच्या एक-दोन रात्री लोन पाइनच्या मोटेलऐवजी हॉर्सशू मेडोजला तंबूत काढतात. ही जागा तीन हजार मीटरवर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते.