एका घराची चाल

बुद्धिबळें शिकूं लागलेल्या पुष्कळांस वाटतें कीं, आरंभींच्या खेळ्या लौकर उरकाव्या व लढाईस लागावें. अशा वाचकांपुढें आम्ही इंग्लंडांतील हेस्टिंग्ज येथील 1930-31 च्या स्पर्धेंतला एक डाव मांडतों.

पांढरीं मोहरीं पंजाबच्या मीर सुलतान खान यांचीं, काळीं क्यूबाच्या कापाब्लांका यांचीं. कापाब्लांका 1921 पासून 1927 पर्यंत जगज्जेते होते. 1916 ते 1924 या काळांत तर स्पर्धेंत त्यांना कोणीं हरविलेंच नव्हतें. सुलतान खान हे सर उमर हयात खान यांच्या पदरचे, देशी पद्धतीनें खेळ शिकलेले. त्या पद्धतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जातें. विलायती नियम मागाहून शिकून त्यांनीं 1929 सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें होतें.

काळ्यानें जो बचाव घेतला त्यास आपण वजिराच्या बाजूचा हिंदी बचाव म्हणूं. यांत घोड्यापुढील प्यादें एक घर सारून तेथें उंट बसवितात आणि पटाच्या मध्यावर दुरून नजर ठेवितात. दुसरा उंट पुढें आणून पांढऱ्याच्या घोड्यावर रोंखावा, हाही काळ्याचा नेहमींचा बेत. पांचव्या खेळीस सुलतान खानांनीं वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादें एकच घर सरकविलें. खेळी दिसावयास अगदीं भित्री. परंतु तिनें त्या उंटाची वाट बंद झाली. बाराव्या खेळीस तोच घोडा पुढें झेपावला आणि तेराव्या खेळीस त्यानें तोच उंट मारला!

घोड्यास मारण्यासाठीं काळ्याचें प्यादें बाजूस गेलें, त्यामुळें एक उभी पट्टी काळ्या हत्तींस मोकळी झाली. कापाब्लांकांनीं दोन्ही हत्ती तेथें आणले. मग एकविसाव्या खेळीस शह देऊन त्यांनीं ते दोन्ही हत्ती दिले व पांढऱ्याचा वजीर घेतला. पांढऱ्यानें कोट केलेला नव्हता, राजा उघड्यावर होता. एकटा वजीर त्यास गांजील असा त्यांचा अदमास असावा. आमच्या मतें डाव येथेंच फिरला. वजिरास आंत शिरण्यास फट सांपडेना, आणि थोड्याच वेळांत पांढऱ्याचे हत्ती त्याच मोकळ्या पट्टीवर एकामागें एक उभे राहिले.

पांढऱ्यानें घाई मुळींच केली नाहीं. पासष्टाव्या खेळीस काळ्यानें हार मानली. त्या स्पर्धेंत कापाब्लांका हरले तो हा एकच डाव.