शब्द दोन भाषांचे, ठेका एकच

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि पुढच्याच वर्षी तो 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडमध्ये झाला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. संगीतकार तेच, अजय-अतुल. चालीही त्याच. बदलले ते शब्द. आजी मराठीत विचारते आणि नातवंडे कन्नडमध्ये उत्तर देतात, अशा आपल्याकडच्या घरांना यात नवल वाटले नसेल. पण शब्द बदलूनही गाण्यातली हुरहुर तशीच का राहते, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर गाण्याच्या दोन अंगांत आहे. एक स्वरमेळ, म्हणजे हार्मनी. दुसरे अंग ठेक्याच्या झोलाचे. आजची मुले त्याला ग्रूव्ह म्हणतात.

सुराखालची जमीन

आपल्या रागसंगीतात गायकाचा सूर एकेक करून पुढे जातो आणि मागे तंबोरा असतो. चित्रपटगीतात मात्र त्या सुराखाली तीन-चार स्वर एकत्र वाजत असतात. त्याला कॉर्ड म्हणतात. घरात पेटी असेल तर एक प्रयोग करून पाहा. तोंडाने फक्त पंचम लावून धरा. पेटीवर आधी सा, शुद्ध गंधार आणि पंचम एकत्र दाबा. मग शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार घ्या. शेवटी सा सोडून शुद्ध गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद दाबा. तुमचा पंचम जागचा हललेला नसतो. तरी तो पहिल्यांदा निश्चिंत, दुसऱ्यांदा उदास आणि तिसऱ्यांदा कुणाची वाट पाहत असल्यासारखा वाटतो.

'याड लागलं' या गाण्यात बोली रांगडी आहे. पण तिच्याखाली व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे. हे वादन अमेरिकेत, लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाले. गावातल्या एका साध्या पोराचे प्रेम राजपुत्राच्या प्रेमाइतकेच मोठे आहे, हे तो वाद्यमेळ शब्दांच्या आधी सांगून टाकतो.

मात्र कोमल गंधार म्हणजे दुःख, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. काफी रागात कोमल गंधार आहे आणि होळीची रंगेल गीते काफीतच गायली जातात. तिथे उल्हास येतो तो बराचसा ठेक्यातून.

पाय का हलतो?

ठेका म्हणजे नुसता वेग नव्हे. ठोका अपेक्षित जागी पडला की कान निर्धास्त होतो. तो थोडा अलीकडे-पलीकडे पडला की मधली रिकामी जागा आपले शरीर भरून काढते. मान डोलते, पाय हलतो. मारिया विटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रमचे निरनिराळे ठेके लोकांना ऐकवले होते. अगदी सरळ ठेक्याने किंवा फारच गुंतागुंतीच्या ठेक्याने लोकांना नाचावेसे कमी वाटले. मधल्या, बेताच्या आडवळणाच्या ठेक्यांनी सर्वाधिक वाटले. भजनात गजर केव्हा चढवायचा हे जाणणाऱ्या पखवाजवादकाला हे वेगळे सांगायला नको.

कन्नड श्रोत्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मराठीत '२२ जून १८९७' या चित्रपटात काम केलेले शंकर नाग यांचा 'गीता' १९८१ साली आला. त्यातले इळयराजांचे 'जोतेयलि' आजही ओठांवर आहे. तीच चाल इळयराजांनी २००७ च्या 'चीनी कम' या हिंदी चित्रपटात 'जाने दो ना'साठी पुन्हा वापरली. मूळ गाणे तरुण, खेळकर, पुढे धावणारे. हिंदीत लय संथ झाली आणि तीच चाल कानाशी कुजबुजल्यासारखी झाली. 'सैराट'मध्ये शब्द बदलले तरी भाव टिकला. इथे चाल टिकूनही लय बदलताच भाव बदलला.

धुंदीची दुसरी बाजू

ठेक्याचे हे बळ थोडे धास्तावणारेही आहे. 'झिंगाट' लग्नाच्या वरातीत वाजले नाही असे गाव शोधावे लागेल. चित्रपटात हे गाणे नायिकेच्या भावाच्या वाढदिवसाला वाजते. जातीबाहेर लग्न केले म्हणून शेवटी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा जीव घेतला जातो, तेव्हा आलेल्या नातलगांत तोच भाऊ असतो. आपण मात्र जातीत जमवलेल्या लग्नांच्या वरातीत याच गाण्यावर बेभान नाचतो. ठेका शरीराला इतक्या लवकर पकडतो की अर्थ मागे राहतो.

मंजुळे यांना हे नेमके ठाऊक असावे. म्हणूनच शेवटच्या प्रसंगात त्यांनी संगीत पूर्ण काढून घेतले. लहान मुलाची रक्ताळलेली पावले दिसतात आणि पडद्यावर आवाज नसतो. ज्या स्वरमेळाने आपल्याला आधार दिला, तो नेमका तिथे नाही. ही शांतता मराठीला कळते, कन्नडलाही कळते.

घरात मुलांसोबत एकदा दोन्ही भाषांतली ही गाणी लागोपाठ ऐकावीत. आधी विचारावे, 'काय वाटलं?' मग विचारावे, 'काय म्हटलं आहे?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सगळ्यांचे एकच येईल. दुसऱ्यासाठी आजी आणि नातवंडांना एकमेकांची मदत घ्यावी लागेल.