मोकळिकीतून आलेली शिस्त

निफाड तालुक्यातला टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातो. त्याच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा एक जुना शत्रू म्हणजे टोबॅको मोझॅक विषाणू. तंबाखू मळलेल्या हातांनीही तो रोपाला लागतो. शेतकऱ्याला नकोसा असलेला हा विषाणू पदार्थविज्ञानाला मात्र फार मोलाचे शिकवून गेला. तो ताठ काठीसारखा असतो: 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड. 1936 साली इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी तो शुद्ध करून पाण्यात मिसळला, तेव्हा ते द्रावण आपोआप दोन थरांत विभागले. वरच्या विरळ थरात काठ्या वाटेल तशा पसरलेल्या, खालच्या दाट थरात बहुतेक एकाच दिशेला. हा खालचा थर पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो. म्हणून तो द्रवस्फटिक.

या काठ्यांना रांगेत कोणी लावले? त्या एकमेकींना ओढत असतील, हे उत्तर सहज सुचते. लार्स ऑन्सागर यांनी 1949 साली गणिताने दाखवले की ओढीची गरजच नाही. ट्रॉलीत ऊस आडवातिडवा टाकला की ती लगेच भरते. एका दिशेने रचला की कितीतरी जास्त मावतो. तिथे रचणारा माणूस असतो, इथे पाण्याच्या रेणूंचे सततचे धक्के. काटकोनात आलेल्या दोन विषाणू-काठ्या एकमेकींची जी जागा अडवतात, ती समांतर काठ्यांच्या मानाने पाचपटीहून अधिक. गर्दी वाढली की प्रत्येक काठी दिशेचे थोडे स्वातंत्र्य गमावते, पण सरकायला तिला त्याहून जास्त जागा मिळते, म्हणजे एकूण एन्ट्रॉपी वाढते. ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, मग तिच्यातून शिस्त कशी?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण एन्ट्रॉपी मोजते ती शक्य मांडण्यांची संख्या, आणि दाटीत ही संख्या समांतर काठ्यांचीच जास्त भरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नुसत्या जाडीवर हिशेब केला तर या विषाणूने द्रावणाचा साधारण पाचवा हिस्सा व्यापल्यावर रांग लागायला हवी. प्रत्यक्षात मीठ कमी असलेल्या पाण्यात ती काही टक्क्यांनाच लागते. इथे सिद्धान्त मोडत नाही. विषाणूवर विद्युतभार असल्याने काठ्या दुरूनच एकमेकींना ढकलतात, जणू त्यांची जाडी वाढते. पाण्यात मीठ वाढवले की हा रेटा आखडतो आणि रांगेसाठी जास्त काठ्या लागतात. ही दुरुस्ती ऑन्सागर यांच्या मूळ मांडणीतच होती. 1968 चे नोबेल त्यांना वेगळ्या कामासाठी मिळाले. काठ्यांचा अभ्यास मात्र आजही त्यांच्या याच गणितापासून सुरू होतो.