सोफियाचं बहुरूपी यंत्र

1992च्या सुमारास बल्गेरियातून एक छोटीशी फाइल बाहेर पडली. आकार जेमतेम दोन किलोबाइट. ती स्वतः व्हायरस नव्हती. कुणीही ती आपल्या व्हायरसला जोडावी, म्हणजे तो प्रत्येक नव्या फाइलमध्ये शिरताना वेगळं रूप घेईल, अशी ती सोय होती. सोबत वापरण्याच्या सूचना आणि एक नमुनाही दिलेला होता. तिचं नाव ‘म्यूटेशन एंजिन’. कर्त्याचं टोपणनाव ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’. खरा माणूस कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

हा माणूस सोफियाचा, हे मात्र त्याच्या 1989च्या ‘एडी’ व्हायरसमध्येच लिहिलेलं सापडलं. एडी लागण झालेल्या प्रोग्रामच्या दर सोळाव्या वापराला डिस्कचा कुठला तरी एक तुकडा पुसून त्यावर स्वतःचा मजकूर लिहायचा. लक्षात येईपर्यंत खराब झालेल्या फाइली बॅकअपमध्येही जाऊन बसलेल्या असायच्या. त्याच्या हुशारीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा दुष्टपणा विसरू नये.

तेव्हाचे अँटीव्हायरस ‘सिग्नेचर’वर चालायचे. प्रत्येक व्हायरसमधली बाइट्सची एक ठरावीक साखळी टिपून ठेवायची आणि ती फाइलींमध्ये शोधायची. 1987च्या ‘कॅस्केड’ व्हायरसनं आपला बहुतेक भाग कूटबद्ध करून ठेवला, पण तो उलगडणारा छोटा कोड दरवेळी तोच राहायचा. त्यामुळे त्याचीच सिग्नेचर घेता आली. ही फट 1990 साली अमेरिकेतल्या मार्क वॉशबर्ननं ‘1260’ या व्हायरसमध्ये बुजवली. डार्क अ‍ॅव्हेंजरनं तेच कसब सुटं करून फुकट वाटलं. माझ्या मते खरा अपराध इथे आहे, कारण आता ते वापरायला स्वतःला काही येण्याची गरजच उरली नाही.

एंजिन नेमकं काय करायचं? प्रोसेसरच्या ‘एएक्स’ या खान्यात शून्य आणायचं आहे, असं समजा. थेट शून्य भरता येतं. त्याचे बाइट ‘बी8 00 00’. त्या खान्यातून तोच खाना वजा करता येतो: ‘29 सी0’. किंवा त्याची स्वतःशीच ‘एक्सॉर’ क्रिया करता येते: ‘31 सी0’. तिन्हींचा परिणाम एकच, पण बाइट तीन तऱ्हेचे. पायरीपायरीला असे पर्याय निवडा, खाने बदला, मध्ये निरुपयोगी सूचना पेरा. उलगडणारा कोड दर प्रतीत निराळा दिसतो. शोधायला ठरावीक साखळीच उरत नाही. शिवाय शंभरातल्या नव्याण्णव प्रती पकडूनही भागत नाही. सुटलेली एक प्रत पुन्हा सगळीकडे पसरते.

यावर उत्तर निघालं ते मला फार देखणं वाटतं. अँटीव्हायरसनं आपल्या पोटातच एक खोटा संगणक उभा केला आणि संशयित प्रोग्राम त्यात चालू दिला. व्हायरस स्वतःच स्वतःला उलगडतो, आणि आतला न बदलणारा मजकूर मेमरीत उघडा पडतो. त्याला एमुलेशन म्हणतात. पण इकडे फाइल उघडायची वाट पाहत माणूस बसलेला असतो. एमुलेटर फार वेळ घेऊ शकत नाही. मग व्हायरसवाले सुरुवातीलाच लांबलचक, निरर्थक फेऱ्या घालून त्याला थकवू लागले.

पुढच्या पिढीनं आतला मजकूरही कायम ठेवला नाही. ‘झेडमिस्ट’ दुसऱ्या प्रोग्रामचे भाग सुटे करून त्यांच्यामध्ये स्वतःला विणायचा आणि सगळं पुन्हा जोडायचा. 2002च्या ‘सिमिली’चा कोड सुमारे 14,000 ओळींचा; त्यातला जवळपास 90 टक्के भाग केवळ रूप बदलण्यासाठी होता.

हा बोजा वाहण्याची गरजही पुढे संपली. 2007 साली पसरलेल्या ‘स्टॉर्म’ या घातक प्रोग्रामच्या प्रती हल्लेखोरांच्या सर्व्हरवरच सतत नव्यानं बांधल्या जात. एंजिन तुमच्या संगणकावर येतच नाही, त्यामुळे ते उघडून तपासायला संशोधकांच्या हाती लागत नाही.

म्हणून आजचे अँटीव्हायरस रूपाबरोबर वागणूकही पाहतात: हा प्रोग्राम एकामागून एक फाइली का बदलतोय, दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत का लिहितोय? रूप कितीही बदललं, तरी नुकसान करायचं तर अशी काहीतरी कामं करावीच लागतात. अशी पाहणी कधी निरपराध प्रोग्रामलाही अडवते, हे खरं. तरीही चोरीचं सॉफ्टवेअर देणारा कुणी ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ म्हणाला, तर ते बंद करू नका. ती फाइलच काढून टाका.