दप्तरातली पोळी

मुलांनो, मागे एकदा माझ्या चौथीच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली. तिचं नाव-गाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

एके दिवशी तिच्या दप्तरातून मुंग्यांची रांग निघाली. पाहते तर वह्यांच्या मागे वाळलेल्या पोळीचे तुकडे! सगळा वर्ग खो-खो हसला. मीही रागावले, "काय गं हे? उद्या आईला घेऊन ये!" ती काहीच बोलली नाही. पण फळा पुसायला मी हात वर केला मात्र, तिने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. माझ्या काळजात चर्रर झालं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आल्या त्या आई नव्हत्या, बालगृहातल्या मावशी होत्या. म्हणाल्या, "बाई, घरी हिला उपाशी ठेवायचे, मारायचे. आमच्याकडे पोटभर मिळतं, पण ते उद्याही मिळेल यावर अजून तिचा विश्वास नाही. म्हणून साठवते."

"मग तुम्ही काय करता?"

"तिच्या उशाशी झाकणाचा डबा ठेवलाय. रात्री त्यात एक पोळी असते. खाल्ली की दुसरी ठेवतो. रागवत नाही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, नाही का? तसंच हे. ज्यांनी जपायचं त्यांनीच त्रास दिला, की मूल साध्या वर केलेल्या हातालाही घाबरतं. ते वेडं नसतं, वाईट तर मुळीच नसतं. त्याला बरं व्हायला वेळ लागतो. रोज ठरल्या वेळी जेवण, तीच ओळखीची माणसं, दिलेला शब्द पाळणं, हेच त्यावरचं मोठं औषध. जोडीला समुपदेशक ताई असतात. त्या खोदून खोदून विचारत नाहीत. चित्रं काढायला, मातीशी खेळायला देतात. बोलावंसं वाटलं की मूल बोलतं.

बालगृहाला काही लोक अजून 'रिमांड होम' म्हणतात आणि विचारतात, "काय गुन्हा केला होतास?" हे साफ चूक बरं का! बालगृह हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार असं मूल सापडलं, की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाचं म्हणणंही तिथे ऐकून घ्यायचं असतं. सुरक्षित घर किंवा नातेवाईक असतील, तर आधी त्यांचा विचार होतो. बालगृह हा शेवटचा उपाय. आणि अशा मुलाची ओळख छापायला कायद्याने मनाई आहे. आता कळलं ना, मी नाव का सांगितलं नाही ते?

तुमच्यापैकी कुणाला, किंवा तुमच्या मित्र-मैत्रिणीला असा त्रास होत असेल तर? मारहाण, उपासमार, नकोसा स्पर्श, काहीही असो. पहिली गोष्ट, चूक तुमची नाही. दुसरी, "कुणाला सांगू नकोस" म्हटलं तरी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. मैत्रिणीने सांगितलं तर "गुपित ठेवीन" असं वचन देऊ नका, बाईंकडे या. तिसरी, १०९८ हा नंबर पाठ करा. १९९६ साली मुंबईत ही सेवा सुरू झाली. आता ती देशभर आहे, रात्रंदिवस चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

आमच्या वर्गाचं पुढे काय झालं? मी त्या मुलीची माफी मागितली. वर्गाला एवढंच म्हटलं, "कुणाच्या दप्तरावर हसायचं नाही." मधल्या सुट्टीत दोघी-तिघी तिला आपल्या पंगतीत बोलावू लागल्या. कुणी काही विचारलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी मावशी शाळेत आल्या, त्या हसतच. म्हणाल्या, "बाई, आज सकाळी डब्यातली पोळी तशीच होती. रात्रभर शांत झोपली पोर!"

तुमच्या वर्गात असं कुणी आलं, तर तुम्हीही जरा सरकून जागा द्याल ना?